फॉल्ट कुठल्या दोन टोकांमध्ये आहे? घरातल्या वायफायबद्दल वाचकांचे प्रश्न

या महिन्याची पत्रं वाचताना एक गोष्ट मनाला लागली. नेट चालेना म्हटल्यावर बहुतेकांनी आधी काहीतरी विकत आणलं आणि मग पत्र लिहिलं. कुणी नवा राउटर आणला, कुणी एक्स्टेंडर म्हणजे रेंज पुढे नेणारा छोटा डबा, कुणी प्लॅन वाढवला. मी ३१ वर्षं टेलिफोनच्या केबलवर काम केलं. तक्रार आली की एक्स्चेंजपासून पिलर म्हणजे रस्त्याकडेची जोडपेटी, पिलरपासून डीपी म्हणजे गल्लीतली छोटी पेटी आणि डीपीपासून घर असा रस्ता डोळ्यांसमोर यायचा. पिलरवर जोड सोडायचा आणि एक बाजू तपासायची. ती चांगली निघाली की अर्धी लाइन डोक्यातून गेली. मग उरलेल्या अर्ध्याचे परत दोन भाग. घरातल्या वायफायलाही मी आजपर्यंत हेच करत आलोय. इथे तुकडे चार: बाहेरून येणारी लाइन, डबा म्हणजे राउटर, डब्यापासून तुमच्यापर्यंतची हवा आणि तुमच्या हातातला फोन किंवा लॅपटॉप. यातला बिघडलेला तुकडा सापडेपर्यंत खिशात हात घालू नका, एवढी माझी विनंती आहे.

प्रश्न: आमचं घर राजापूर तालुक्यात, जुनं, चिऱ्याचं. फायबरचा डबा ओटीवर आहे. मुलगी मुंबईच्या कंपनीचं काम माडीवर बसून करते. मीटिंगमध्ये तिचा आवाज तुटतो, पावसाळ्यात जास्तच. एक्स्टेंडर आणून तिच्या टेबलावर लावला. आता फोनवर सगळ्या रेघा भरलेल्या दिसतात, तरी आवाज तुटतोच. १०० एमबीपीएसचा प्लॅन २०० चा करू का?

प्लॅनला हात लावू नका. मीटिंगमध्ये चित्र आणि आवाज नीट जायला चार-पाच एमबीपीएस पुरतात. तुमच्याकडे त्याच्या वीसपट येतंय, किंवा यायला हवं. ते येतंय का हे आधी बघा, म्हणजे लाइन आणि डबा हे दोन तुकडे एकदम तपासून होतील. मुलीचा लॅपटॉप ओटीवर आणा, डब्याच्या मागच्या पिवळ्या सॉकेटमध्ये लॅनची वायर लावा, लॅपटॉपचं वायफाय बंद करा आणि स्पीड टेस्ट घ्या. नव्वदच्या वर आकडा आला तर बाहेरची लाइन निर्दोष सुटली. वायर लावायची सोय नसेल तर फोन घेऊन डब्यापासून दोन पावलांवर उभं राहून तीच टेस्ट करा, तेवढ्यानेही अंदाज येतो.

आता एक्स्टेंडर. तो बिचारा चुकीच्या जागी बसलाय. तुमच्या फोनवर दिसणाऱ्या रेघा फोन आणि एक्स्टेंडर यांच्यामधल्या आहेत, आणि ते दोघे एकाच टेबलावर आहेत. एक्स्टेंडर आणि ओटीवरचा डबा यांच्यामधली रेंज किती, हे त्या रेघांत दिसतच नाही. डब्याचा आवाज माडीवर पोहोचतच नव्हता, म्हणून तर तुम्ही एक्स्टेंडर आणलात. तिथेच बसून त्याला तरी तो कुठून ऐकू येणार? एक्स्टेंडर नेहमी मधल्या वाटेवर लावायचा, जिथे डब्याची रेंज अजून धड आहे. शिवाय साधा एक्स्टेंडर एकाच कानाने ऐकतो आणि त्याच तोंडाने पुढे सांगतो. एका वेळी एकच काम होतं, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो.

मागच्या पावसाळ्यात लांज्याजवळच्या अशाच एका घरात मी दोन तास काढले. फोनवर एक फुकटचं अॅप घेतलं, जे रेंज डीबीएमच्या आकड्यात दाखवतं. आकडा उणे असतो. डब्याशेजारी उणे ३०-४०, उणे ६७ पर्यंत मीटिंग नीट चालते, उणे ८० ला सगळं लटपटायला लागतं. तीनने आकडा घसरला की शक्ती निम्मी आणि दहाने घसरला की दहावा हिस्सा, म्हणून हे आकडे दिसायला जवळ असले तरी जवळ नसतात. कागदावर घराचा नकाशा काढला आणि घरातल्या आजींना सोबत घेऊन एकेका जागी आकडा लिहीत गेलो. ओटीवर उणे ३८. माजघरात शिरल्याबरोबर उणे ५७. जिन्याच्या खालच्या पायरीवर ६४. जिन्याच्या वळणावर ७१. माडीच्या दारात ८३. आजींनीच बोट ठेवलं, "ओटी नि माजघरामधली भिंतच खातेय." बरोबर होतं. चिरा सच्छिद्र असतो, पावसाळाभर पाणी धरून ठेवतो, आणि पाणी या लहरी शोषून घेतं. कोरड्या एप्रिलमध्ये जी भिंत थोडं घेते ती जुलैत बरंच जास्त घेते. तुमच्या पत्रातलं "पावसाळ्यात जास्तच" हे अगदी खरं निरीक्षण आहे. त्या घरात भिंतीला टेकून लोखंडी कपाटही होतं. ते चार फूट सरकवलं तर माजघरातला आकडा ५७ चा ५२ झाला, काही न विकत घेता.

तरीही माडीवर तेवढं पुरलं नाही आणि तुमच्याकडेही पुरणार नाही. खरा उपाय एकच, वायर. ओटीवरच्या डब्यापासून जिन्याच्या कडेने माडीपर्यंत कॅट सिक्स केबल टाका आणि वर एक छोटा अॅक्सेस पॉइंट, म्हणजे वायरने आलेलं नेट वायफायवर देणारा डबा, लावा. लॅनची केबल १०० मीटरपर्यंत नीट चालते, तुमच्या घरात २५ मीटरसुद्धा लागणार नाही. विजेच्या वायरला घासून, तिच्याच पाइपमधून नेऊ नका. वीतभर अंतर ठेवा. आणि ही केबल घराच्या आतूनच न्या. अंगणातून गोठ्यापर्यंत किंवा शेजारच्या घरापर्यंत तांब्याची केबल ओढू नका. कोकणात वीज पडली की असल्या केबलवरून दोन्हीकडचे पोर्ट जळतात, मी असे डबे उघडून पाहिलेत. बाहेरून न्यायचंच असेल तर फायबर न्या.

तो एक्स्टेंडर फेकू नका. बऱ्याच एक्स्टेंडरला लॅनचं सॉकेट असतं आणि सेटिंगमध्ये अॅक्सेस पॉइंट हा पर्याय असतो. मग नवं काही लागतच नाही, फक्त केबल.

प्रश्न: रोज संध्याकाळी साडेसात-आठच्या सुमारास नेट जातं आणि पाच मिनिटांत आपोआप येतं. कंपनीचा माणूस दोनदा येऊन गेला. दुपारी येतो, म्हणतो लाइन ओके आहे. (एक वाचक, सांगली)

तो खोटं बोलत नाही, दुपारी लाइन ओकेच असते. तुम्ही एक काम करा. आज संध्याकाळी नेट जाईल तेव्हा फोनकडे बघू नका, डब्याच्या दिव्यांकडे बघा. सगळे दिवे विझून एकेक करून परत लागत असतील तर डबा बंद पडून चालू होतोय, म्हणजे त्याला वीज कमी पडतेय. एलओएस नावाचा दिवा लाल झाला किंवा पॉन नावाचा दिवा लुकलुकायला लागला तर दोष बाहेरच्या फायबरचा. सगळे दिवे जागच्या जागी आहेत आणि तरी नेट नाही, तर हवेतली गर्दी किंवा कंपनीच्या पुढची अडचण.

पाच मिनिटांत आपोआप परत येतं असं लिहिलंयत, त्यावरून मला पहिला संशय अडॅप्टरचा येतो. माझ्या स्वतःच्या घरी हेच झालं होतं. अडॅप्टरवर १२ व्होल्ट, दीड अँपिअर लिहिलेलं. मीटर लावला तर १२.१ दाखवतो, म्हणून दोन आठवडे मी त्याला निर्दोष धरला. तीच माझी चूक. मी नुसत्या पिनवर मोजत होतो, डबा जोडलेला नसताना. मग डबा चालू ठेवून, घरातले चार फोन आणि टीव्ही त्यावर लावून मोजलं, तेव्हा काटा ९.६ वर आला. अडॅप्टर उघडला तर आतल्या कपॅसिटरचं डोकं पोळीसारखं फुगलेलं. दुपारी घरात एक फोन, तेवढं तो ओढत होता. संध्याकाळी सगळे घरी आले, त्यात गल्लीतला व्होल्टेज खाली गेला की डबा मान टाकायचा.

नवा अडॅप्टर घेताना व्होल्ट तंतोतंत तोच हवा, अँपिअर तेवढाच किंवा जास्त चालतो, कमी चालत नाही. पिनची जाडी आणि आतली बाजू प्लस आहे का, ही खूण जुन्या अडॅप्टरवर छापलेली असते, ती जुळवा. जुना दुकानात घेऊन जाणं सर्वांत सोपं. अडॅप्टर स्वतः उघडू नका, मी उघडला कारण ते माझं काम आहे.

प्रश्न: काका, मी वाईला नववीत आहे. आमच्या घरी दोन वायफाय दिसतात, एकाच्या नावापुढे ५जी आहे. मोबाइलचं ५जी तेच का? आणि मग ते माझ्या खोलीत का येत नाही?

प्रश्न छान विचारलास. नाव सारखं आहे, पण दोन्ही वेगळी. मोबाइलचं ५जी म्हणजे पाचवी पिढी. तुझ्या डब्यावरचं ५जी म्हणजे पाच गिगाहर्ट्झ, लहरी सेकंदाला सुमारे पाच अब्ज वेळा हलतात. दुसरं वायफाय २.४ गिगाहर्ट्झचं. पट्टी घे आणि बघ: २.४ ची एक लहर साधारण साडेबारा सेंटीमीटर लांब, ५ ची साडेपाच-सहा सेंटीमीटर. आखूड लहरींवर वेग जास्त मिळतो, पण भिंत त्यांना लवकर अडवते. म्हणून डब्याच्या खोलीत ५ वापर आणि तुझ्या खोलीत २.४.

एक प्रयोग करून बघ, घरातल्या मोठ्यांना सांगून. घरात मायक्रोवेव्ह ओव्हन असेल तर त्यात कपभर पाणी ठेव, तो चालू कर, आणि त्याच्याशेजारी फोन २.४ वर लावून व्हिडिओ बघ. अडखळेल. ओव्हन पाणी तापवतो तो २.४५ गिगाहर्ट्झच्याच लहरींनी, त्यातला कणभर बाहेर आला तरी फोनला गोंगाट वाटतो. मग ५ वर जाऊन परत बघ. रिकामा ओव्हन मात्र कधीही चालवू नकोस.

आणि शेजाऱ्यांचेही डबे असतील तर २.४ मध्ये गर्दी होते. आपल्याकडे त्यात १३ चॅनल आहेत, पण ते एकमेकांवर चढलेले आहेत. एकमेकांना न घासता बसतात असे तीनच, १, ६ आणि ११. अॅपमध्ये बघ, शेजारी कुठे जास्त आहेत, आणि डब्याला तिघांमधला रिकामा चॅनल दे. ३ किंवा ८ देऊ नकोस. त्याने दोन्हीकडच्यांशी भांडण होतं.

प्रश्न: जुना राउटर पडून होता. तो वायरने नव्याला जोडून मागच्या खोलीत लावला. पहिले दोन दिवस मस्त चाललं. आता कधी माझा फोन जोडलेला दिसतो पण नेट नसतं, कधी प्रिंटर सापडत नाही, कधी सगळं ठीक. डोकं फिरायची वेळ आली आहे. (एक वाचक, अमरावती)

कधी चालतं, कधी नाही, आणि प्रत्येक वेळी वेगळ्याच वस्तूचं, हे लक्षण ओळखीचं आहे. तुमच्या घरात पत्ते वाटणारे दोन जण झालेत. घरातल्या प्रत्येक फोनला, प्रिंटरला राउटर एक आयपी पत्ता देतो. या कामाला डीएचसीपी म्हणतात. जुन्या राउटरला कुणी सांगितलंच नाही की आता हे काम दुसऱ्याकडे आहे. तोही वाटत बसतो. मग एकच पत्ता दोघांना जातो, किंवा फोन जुन्या राउटरलाच घराबाहेरचं दार समजतो, जिथून बाहेर रस्ताच नाही. त्यात दोन्ही डब्यांचा स्वतःचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ हाच असणार, कारखान्यातून तसाच येतो.

दुरुस्ती अर्ध्या तासाची आहे, फक्त क्रम पाळा. जुना राउटर नव्यापासून पूर्ण सोडवा. लॅपटॉप वायरने एकट्या जुन्याला जोडा, लॅपटॉपचं वायफाय बंद. ब्राउझरमध्ये त्याचा पत्ता टाकून आत जा. आधी वायफायचं नाव आणि पासवर्ड नव्या राउटरसारखेच करा, चॅनल मात्र वेगळा द्या, एकाला १ आणि दुसऱ्याला ११. मग त्याचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.२ करा. तो लगेच तुम्हाला बाहेर काढेल, घाबरू नका, नव्या पत्त्यावर परत आत जा. शेवटी डीएचसीपी बंद करा. हे शेवटीच, कारण आधी बंद केलंत तर लॅपटॉपला पत्ता मिळणार नाही आणि तुम्हीच दाराबाहेर राहाल. आता नव्या राउटरची वायर जुन्याच्या लॅन सॉकेटमध्ये लावा. वेगळ्या रंगाचं एकटं सॉकेट असतं ते वॅन, म्हणजे बाहेरच्या लाइनचं, त्याला हात लावू नका. दोन्ही डबे आणि सगळे फोन एकदा बंद करून चालू करा.

पुढे कधी लॅपटॉपचा आयपी १६९.२५४ ने सुरू होणारा दिसला तर ओळखा की त्याला पत्ता वाटणारा कुणी भेटलाच नाही आणि त्याने स्वतःच एक मनाने घेतलाय. मग वायर नाहीतर राउटर बघायचा.

प्रश्न: नातवाने डब्याच्या मागच्या भोकात टाचणी घातली. तेव्हापासून नेट नाही आणि वायफायचं नावही बदललं. (एक आजी, जालना)

आजी, नातवाला रागावू नका, तो डबा बिघडलेला नाही. ते रिसेटचं बटण आहे. दहा सेकंद दाबलं की डबा कारखान्यातून आला तसा कोरा होतो. कंपनीने त्यात तुमच्या खात्याचं नाव आणि पासवर्ड भरलेला होता, तोही पुसला गेला असणार. कंपनीला फोन करून "डबा रिसेट झालाय, लॉगिन परत टाकून द्या" एवढंच सांगा, बरेचदा ते तिकडूनच टाकतात. वायफायचं सध्याचं नाव आणि पासवर्ड डब्याखालच्या चिठ्ठीवर छापलेले आहेत, पण नवा पासवर्ड नक्की टाकून घ्या. नेट अडकलं की आपल्याला हवं असतं ते रिस्टार्ट, म्हणजे भिंतीवरचं बटण बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करणं. त्यात काही पुसलं जात नाही. टाचणीच्या भोकावर चिकटपट्टी लावून टाका.

प्रश्न: लॅपटॉपला फोटोंची हार्ड डिस्क लावली की वायफाय तुटतं, काढली की येतं. दुकानदार म्हणतो, असं होऊच शकत नाही. (एक वाचक, पुणे)

होऊ शकतं, आणि तुम्ही डिस्क काढून-लावून टोक बरोबर धरलंयत. यूएसबी ३ चा पोर्ट आणि केबल चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट करतात. इंटेलने २०१२ मध्येच हे मोजून प्रसिद्ध केलं आहे. लॅपटॉपचा अँटेना त्या पोर्टपासून काही सेंटीमीटरवर असतो. लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झच्या नावाला जोडा, बहुतेक तिथेच प्रश्न मिटेल. ते शक्य नसेल तर डिस्क दुसऱ्या बाजूच्या पोर्टला लावा आणि चांगली, जाड आवरणाची केबल घेऊन ती लांब ठेवा. वायरलेस माउस अडखळत असेल तर त्याचंही कारण हेच.

प्रश्न: दिवाळीची साफसफाई झाल्यापासून डब्यावर लाल दिवा आहे. तक्रार नोंदवली, पण कुणी यायला चार दिवस लागतील म्हणतात. मुलाची ऑनलाइन परीक्षा आहे. काही करता येईल का? (एक वाचक, अहिल्यानगर)

परीक्षेपुरतं फोनच्या हॉटस्पॉटची तयारी आजच करून ठेवा, म्हणजे जिवाला घोर नाही. मग साफसफाईत काय हललं ते बघा. लाल एलओएस म्हणजे डब्यापर्यंत प्रकाश पोहोचत नाही. डब्याला येणारी बारीक वायर म्हणजे काचेचा तंतू आहे. सोफा किंवा टीव्हीचं टेबल मागे सरकवताना ती भिंत आणि लाकूड यांच्यामध्ये चेपली असेल, किंवा जास्तीची वायर कुणी नीट दिसावी म्हणून घट्ट गुंडाळून रबर लावला असेल. घट्ट वळणावर प्रकाश वळत नाही, काचेतून बाहेर निसटतो. अलगद सगळं सैल करा. वेटोळं चहाच्या बशीपेक्षा लहान होऊ देऊ नका. दोन मिनिटं थांबा. पुष्कळदा लाल दिवा तिथेच जातो.

नाही गेला, तर हिरव्या टोकाची पिन डब्यात पूर्ण बसली आहे का ते बघा. हलक्या हाताने आत ढकला, टक् आवाज येतो. पिन उपसलीच तर तिचं टोक बोटाने पुसू नका, बोटाचं तेल तिथे बसलं की प्रकाश अडतो. आणि त्या टोकात डोळा लावून बघू नका, मुलांना तर अजिबात नाही. आतला लेझर अवरक्त असतो, दिसत नाही, पण डोळ्यात जातो.

माणूस येईल तेव्हा त्याच्याकडे पॉवर मीटर असेल, फायबरमधला प्रकाश डीबीएममध्ये मोजणारा. वायफायच्या रेंजचे आकडे वेगळे, त्यांच्याशी याची तुलना करू नका. त्याला काम सुरू करायच्या आधीचं आणि नंतरचं वाचन विचारा. उणे २० च्या आसपास असेल तर निर्धास्त. उणे २७ म्हणजे काठावर, आज चालेल आणि पहिल्या पावसात परत लाल होईल. तसं असेल तर जोड परत करून द्यायला सांगा, संकोच करू नका. शेवटचा आकडा तारखेसह चिठ्ठीवर लिहून डब्याच्या मागे चिकटवा. पुढच्या वेळी तक्रार करताना तोच आकडा आधी सांगा.